देवीपुढची गोळी

अल्लीपूरच्या स्टँडवर वर्ध्याची एस.टी. लागली, तरी माय माझ्याकडे बघेना. पिशवीत ज्वारीचं पीठ कोंबलं, त्यावर जवसाची चटणी. मी मात्र तिच्या तोंडाकडे टक लावून. तिला फिट यायची, कधी येईल याचा नेम नाही. उन्हाळ्यात डॉक्टरांनी रोज रात्रीची एक गोळी सुरू केली, तेव्हापासून एकदाही पडली नव्हती.

"पोटभर जेवत जाजो," ती म्हणाली.

"तू गोळी घेत जाजो."

"घेतो न बाप्पा! बस आता गाडीत."

सत्तरचं दशक सरत आलेलं. फार्मसीला जाते म्हटल्यावर गाव हसायचं, दवाई विकाले कालेज कायले पाह्यजे! आणि वर्ध्याला वर्गात काय, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीतली लॅटिन. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. झोपताना, पी.सी. जेवणानंतर. यात चूक झाली तर माणूस जातो, असं सर बजावायचे. मी कपडे वाळत घालतानाही पुटपुटायचे. खोलीतली मैत्रीण विचारायची, "भूत लागलं का वं तुले?"

नवरात्रात आमचे शेजारी महादेवकाका होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "तुह्या मायले सेवाग्रामले आणलं. फिटवर फिट येऊन राह्यली."

दवाखान्यात बाबा खाटेजवळ खाली बसले होते. मायच्या हाताला सलाईन, डोळे मिटलेले.

"गोळी चुकली का?" मी विचारलं.

"घट बसले तवापासून घेतलीच नाई. उपास हाय न तिचा. जेवल्यावर घ्याची गोळी, अन् ते जेवूनच नाई राह्यली."

"भगर खात होती ना?"

"ते फराळ झालं. जेवण कुठं झालं?"

ही गोळी एकदम बंद केली की फिट उसळून येते, हे मी नुकतंच शिकले होते. पाकिटावर 'जेवणानंतर' लिहिलेलं. पी.सी.चा अर्थ अगदी बरोबर. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. मला सगळ्यांचाच राग आला. लिहिणाऱ्याचा, मायचा, आणि खरं सांगते, देवीचासुद्धा.

संध्याकाळी मायनं डोळे उघडले. पहिला प्रश्न, "माहा उपास मोडला का?"

सिस्टर गोळी घेऊन आल्या, तर हिनं ओठ घट्ट मिटले. घट उठल्यावर घेतो म्हणाली. डॉक्टरांनी समजावलं, बाबांनी हात जोडले. मी तर वॉर्डात सगळ्यांसमोर ओरडले, "मराचं हाय का तुले?" तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा तशा फिट आल्या तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं होतं. माझी सगळी लॅटिन तिथं काय कामाची!

समोरच्या भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं. मी गोळी उचलली, देवीच्या पायांना लावली आणि मायपुढे हात केला. "प्रसाद हाय. नाई म्हणाचं असन त देवीले सांग."

तिनं कॅलेंडरकडे बघून हात जोडले.

"प्रसादानं उपास नाई मोडत," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं. मी पाण्याचा गिलास तिच्या ओठांना लावला.

आता मी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला राहते. घरी गॅस आहे, नळ आहे, आणि माझं स्वतःचं मेडिकल आहे. गाव सोडून हेच शिकायला आलेल्या पोरींनो, ते बी.डी., पी.सी. नीट पाठ करा, त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पण गिऱ्हाइकाला उपास धरता का, एवढं विचारत जा. मी विचारते. "तुमाले काऊन पंचायत?" म्हणून एखादी बाई फणकारते. फणकारू दे.

मायला इकडे ये म्हटलं की म्हणते, माहे देव कुठं ठेवू? नाही येत. दिवेलागणीला बाबा तिची गोळी देवीपुढं ठेवतात. नवरात्र असो नसो, आता रोजच. रात्री ती हात जोडते आणि गोळी तोंडात टाकते. माझं घर कुठलं, असं कुणी विचारलं तर पत्ता बोरगावचा देते, पण त्या वेळी मनानं मी अल्लीपूरला, मायजवळ असते. इथं ताटं वाढलेली असतात, पोरं हाका मारतात. मायनं गोळी घेतली असेल, एवढा वेळ मी जाऊ देते. मगच पानावर बसते.