मुराळी कोण जाणार?

"विकली म्हणू नका म्याडम, सोयरीक झालीया." धारूरच्या डोंगरपट्ट्यात ठाणेदार असताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की अजूनही लग्नपत्रिकेत 'सोयरीक' शब्द दिसला तरी माझं डोकं फिरतं.

त्या सकाळी ते माझ्याच हवालदारानं ऐकवलं. समोर एक मेंढरं राखणारी बाई उभी होती. तिच्या मेलेल्या बहिणीची पोर, सोळाही पुरी न झालेली, परराज्यात 'दिली' होती आणि तेव्हापासून तिचा फोन लागत नव्हता.

"घरचा मामला हाय म्याडम. बाप खूश हाय. आपण कावून पडायचं मधी?" हवालदार म्हणाला.

"तुमची लेक नववीला आहे ना? तिची करायची का अशी सोयरीक?" मी विचारलं. तो जीप काढायला गेला.

पोरीच्या घरी बाजेवर गावचे एक पुढारी ऐसपैस बसले होते, बाप खाली जमिनीवर. स्थळ त्यांनीच आणलेलं. "बसा ताई, चहा घ्या. गरिबाच्या लेकीचं कल्याण झालं, त्यात पोलिसाचं काय काम?" कल्याण! स्वतःची मुलगी अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकायला ठेवलेला माणूस मला कल्याण शिकवत होता.

दम दिला असता तर दोघंही वकिलाच्या आडोशाला गेले असते. म्हणून मी चहा घेतला आणि पोरीच्या बापाला सहज विचारलं, "पंचमी तोंडावर आली. लेकीला आणायला मुराळी कोण जाणार?"

माणूस कितीही फाटका असो, पहिल्या पंचमीला सासरहून लेक आणायला तो भावाला नाहीतर चुलत्याला मुराळी म्हणून धाडतोच. बाप पुढाऱ्यांच्या तोंडाकडं बघायला लागला.

"व्याह्याचं गाव कोणतं?"

"लई लांब हाय."

"आडनाव?"

"त्ये ह्यांला म्हाईत हाय," त्यानं पुढाऱ्यांकडं बोट केलं.

"तुम्ही विचारलं नाही?"

"न्हाई."

अरे, बाजारात म्हैस विकताना माणूस विचारतो, कुठं नेणार, चारापाण्याचं कसं! माझ्या हातातला कप पडला, असं हवालदार नंतर सगळ्यांना सांगायचा. खोटं कशाला बोलू, मी तो आपटला होता.

दोघांना ठाण्यात आणलं. वाटेतच मोठमोठ्यांचे फोन सुरू झाले. "जरा सबुरीनं घ्या, म्याडम." सबुरी म्हणे! मी फोन बंद करून टाकला. दुपारपर्यंत पुढाऱ्यांना व्याह्याचं गाव, आडनाव, रस्ता, सगळं आठवलं.

मी स्वतः दोन महिला शिपायांना घेऊन गेले, तिथल्या पोलिसांना सोबत घेतलं. पोर गोठ्यालगतच्या खोलीत सापडली, बाहेरून कडी घातलेली. घरातल्या म्हातारीला मी सुनेचं नाव विचारलं. तिला ते सांगता आलं नाही.

जीपमध्ये पोर माझ्या शेजारी बसली. रडली नाही. म्हणाली, "तुमाला कुनी धाडलं? दादानं?" दादा म्हणजे बाप.

मला खोटं बोलवेना. "मावशीनं."

"आन दादा?"

"कोठडीत आहे."

मला वाटलं, आता ही बापाला शिव्या घालील, निदान थुंकेल तरी. मला ते हवंच होतं. तिनं नुसतं बाहेर बघितलं आणि विचारलं, "जेवलेत का त्ये?"

माझ्या अंगाचा असा भडका उडाला, की मी जीप थांबवून खाली उतरले. बाप समोर असता तर माझ्या हातून काय झालं असतं, सांगता येत नाही.

पुढं बालकल्याण समितीनं पोर मावशीच्या ताब्यात दिली. पण त्या दिवशी ठाण्यात पाय ठेवताच बाप गजांना धरून उभा राहिला. "पोर काई म्हनली का, म्याडम?"

"नाही," मी म्हटलं. तिनं जे विचारलं होतं, ते ऐकायची त्याची लायकी नव्हती.