गोड्या पाण्यातली झबली

बारशाला आलेले फ्रॉक मी एका पिशवीत कोंबून कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकले, तेव्हा बाळंतपणासाठी गावाहून आलेल्या सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांच्या माहेरच्यांनी साताऱ्याहून आणलेला गुलाबी जाळीचा फ्रॉकही त्यातच होता. पण मी तरी काय करणार? एकाच्या गळ्याला जाळी, दुसऱ्याच्या पाठीवर सॅटिनचा भला मोठा बो. तान्हं मूल दिवसभर पाठीवर पडलेलं असतं, हे फ्रॉक शिवणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नसावं. टिकल्या लावलेला एक फ्रॉक मी स्वतःच्या गालावर घासून पाहिला, तर माझाच गाल हुळहुळला.

मला मुळात स्वस्थ बसता येत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं माहेरी सगळेच म्हणायचे. मुंबईतल्या नोकरीतून बाळंतपणाची रजा मिळाली आणि विरारच्या दोन खोल्यांत मी कोंडले गेले, तेव्हा अंगातली सगळी खुमखुमी मुलीच्या कपड्यांवर निघाली. झबली नाडीची बरी की बटणांची? बटण तोंडात जाईल, म्हणून नाडीची. नाडी गळ्याला आवळेल, म्हणून पुन्हा बटणांची. बाह्या असल्या तर काखेत घाम साठतो, नसल्या तर डास फोडून काढतात. लंगोटाला इलॅस्टिक लावलं तर मांडीवर वळ, नाही लावलं तर लंगोट एकीकडे आणि मुलगी दुसरीकडे. शिवण टोचू नये म्हणून मी झबली उलटी घालायला लागले, ते सासूबाईंना मुळीच पटलं नाही. “लोक काय म्हणतील, आईला सुलट-उलट कळत न्हाई,” त्या म्हणायच्या आणि मी स्वयंपाकघरात गेले की हळूच झबलं सुलट करून टाकायच्या. मी आले की परत उलट करायची.

“अगं, तिला घटकाभर एका कपड्यात राहू दे,” नवरा म्हणायचा. त्याला बोलायला काय जात होतं! सकाळी बाहेर पडायचा तो दिवे लागल्यावर घरी यायचा.

उन्हाळा तापायला लागला आणि मुलीच्या अंगावर पुरळ उठलं. आधी पाठीवर, मग मांड्यांच्या घड्यांत, मग दोन्ही गालांवर. लालभडक, खरखरीत. डॉक्टरांनी पाहिलं आणि घामोळं आहे, सुती आणि सैल कपडे घाला, असं सांगून मलम दिलं. मी सुतीशिवाय दुसरं काही घालतच नव्हते. घरी येईपर्यंत मी रिक्षात फणफणत होते.

त्यातच पाळणाघराचं बिनसलं. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई मुलं सांभाळायच्या. रजा संपली की मुलीला तिथे ठेवायचं हे ती जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. त्यांनी झबलं वर करून पाठ पाहिली आणि परत खाली केलं. “हे आधी बरं होऊ दे. माझ्याकडे दुसरी मुलं आहेत, त्यांच्या आया मला धारेवर धरतील.” त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना, म्हणून तर जास्त राग आला.

त्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, “मी घेऊन जाते हिला गावी. वर्षाची झाली की आणून सोडते.”

“आणि दुधाचं काय?” मी विचारलं.

“गाय दारात हाय की.”

त्या हे मायेनंच बोलत होत्या. आपल्या नातीचे हाल त्यांना बघवत नव्हते. पण मी मुलीला मांडीवर ओढून घेतलं. नवरा ताटात बघत राहिला, आणि तो ताटात बघतो तेव्हा त्याला समोरच्याचं पटलेलं असतं हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच समजलं होतं. दोनच दिवसांत एसटीचं आरक्षण झालं. माझी रजा संपत होती त्याच्या आदल्या दिवसाचं. नोकरी सोडायचा विषय निघायच्या आधीच मिटायचा, कारण घराच्या कर्जाला दोघांचेही पगार लागत होते.

मग मी कापडाच्या मागे लागले. दोष कापडाचाच असणार, दुसरा कशाचा असेल? मी बाजारातून नवं मलमल आणलं, उकळत्या पाण्यातून काढलं, हाताने झबली शिवली. माझ्याकडचा पांढरा दोरा संपला म्हणून काठाला निळा दोरा घातला. सासूबाईंचं म्हणणं, नव्या कापडात काही राम नसतो, बाळाला जुनंच मऊ. त्यांनी आपलं वापरून वापरून विरलेलं लुगडं फाडून दुपटी केली. आमच्या दोघींची जणू स्पर्धाच लागली, कुणाच्या कापडात मुलगी शांत झोपते. दोघीही हरलो. पहिल्या दिवशी मऊ असलेलं मलमल दोन धुण्यांत गॅलरीतल्या दोरीवर पापडासारखं कडक व्हायचं, आणि सासूबाईंचं लुगडंही तसंच. मी ते हातांनी चोळायचे, झटकायचे, इस्त्री फिरवायचे. मुलीला घातलं की पाचव्या मिनिटाला रडं सुरू.

आता आमच्याकडच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. इमारतीला टँकर यायचा एक दिवसाआड. ते गोडं पाणी, म्हणजे पिण्याचं. खालून हंडे-कळश्या भरून जिने चढायचं आणि स्वयंपाकघरातलं पिंप भरायचं. त्या पिंपात कुणी खरकटा पेला बुडवला तर घरात रामायण व्हायचं. बाकी सगळं बोअरच्या पाण्यावर. बोअरचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढायचा. मुलीची अंघोळ मात्र मी गोड्या पाण्याने घालायची. ही चैन मी नवऱ्याशी भांडून मिळवली होती आणि त्याबद्दल स्वतःवर खूश होते. कपडे अर्थात बोअरच्या पाण्यात. पिण्याच्या पाण्यात कपडे धुणारं माणूस आमच्या इमारतीत वेडंच ठरलं असतं.

माझी ऑफिसातली एक मैत्रीण आगाशीची. घरची केळीची वाडी, वाडीत विहीर. “जरा बाहेर पड, नाहीतर भिंतींशी भांडशील,” असा तिचा निरोप आला. मी मुलीला घेऊन बसने गेले. मी बरोबर नेलेली सगळी झबली दुपारपर्यंत मुलीने भिजवली. मैत्रिणीच्या आईने मला न विचारता ती उचलली, विहिरीवर नेऊन धुतली आणि वाडीतल्या दोरीवर वाळत घातली. चहाच्या वेळी त्यांनी घड्या माझ्या मांडीवर आणून ठेवल्या.

मी वरचं झबलं हातात घेतलं आणि म्हणाले, “मावशी, हे माझं नाही.”

“तुझंच गो,” त्या म्हणाल्या.

मी ते उलगडलं. काठाला निळा दोरा होता. माझाच ओबडधोबड टाका, घाईत एका ठिकाणी चुकलेला. पण कापड हातातून निसटत होतं, इतकं मऊ. साबण कुठला वापरला, मी विचारलं. त्यांनी वडी दाखवली, ती आमच्याकडे असते तीच. मी मुलीला मैत्रिणीकडे दिलं, विहिरीवर गेले आणि बादलीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. गोडं होतं. पिण्याचं पाणी आणि धुण्याचं पाणी असा भेदच त्या वाडीत नव्हता. त्या कट्ट्यावर उभी राहून मी आधी हसले आणि मग मला रडू आलं, आणि मैत्रिणीला वाटलं की मला चक्कर येतेय.

घरी येताना बसमध्ये मुलगी ते झबलं घालून झोपली. कितीतरी दिवसांनी ती अशी झोपली होती.

त्या संध्याकाळपासून मुलीचे कपडे पिंपातल्या पाण्यातून निघायला लागले. नवरा डोक्याला हात लावून बसला. “पिण्याचं पाणी लंगोटांना?” मी म्हटलं, “मला कमी द्या, मी कमी पिईन.” दोन दिवस तो कुरकुरला, तिसऱ्या दिवशी टँकरखाली आणखी दोन कळश्या घेऊन उभा राहिला. मी एकदाच खळबळून काढायची, तर सासूबाई मागून येऊन आणखी एकदा काढायच्या.

पाठीवरचं पुरळ ओसरलं. मांड्या कोरड्या झाल्या. उजवा गाल तर आरशासारखा झाला. डावा गाल तेवढा लाल तो लालच. मी लाळेरी बदलली, उशीचा अभ्रा बदलला, पाळण्यातली चादर काढून विहिरीच्या पाण्यासाठी आगाशीला पाठवायच्या गोष्टी करायला लागले. पाळणाघरवाल्या बाईंनी गाल पाहून मान हलवली. “गालच तर दिसतो सगळ्यांना.” सासूबाईंनी गावी न्यायच्या सामानाची पिशवी खुंटीवरून काढून कोपऱ्यात ठेवली, आणि त्या पिशवीकडे बघितलं की माझा जीव कासावीस व्हायचा.

असल्या वेळी मी फेऱ्या मारते. मुलगी डाव्या हातावर, तिचं तोंड बाहेर, गाल माझ्या खांद्यावर टेकलेला, आणि मी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सासूबाई पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या.

“अगं, एका जागी बस. मला घेरी येतीय.”

मी थांबले नाही. जरा वेळाने त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“हिकडं ये.”

मला वाटलं, आता मुलीला मागतील. पण त्यांनी मुलीचं डोकं अलगद उचललं आणि माझ्या गाऊनचा खांदा अंगठ्याने चोळून पाहिला.

“ह्यो कुठल्या पाण्यात धुतीस?”

गाऊन बोअरच्याच पाण्यातला होता, दुसरा कशातला असणार.

“झबलं झबलं करत बसलीस. पोर दिवसभर तुलाच अंगावर घेऊन हिंडतीय.”

मी खाली मान घालून स्वतःच्या खांद्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. इतकं कापड मी हाताळलं, गालावर घासलं, आणि जे सतत मुलीला चिकटलेलं होतं त्याला एकदाही हात लावून पाहिला नव्हता. सासूबाईंनी माझे दोन्ही गाऊन नेले आणि पिंपातल्या पाण्यात स्वतः धुतले. रजा संपायच्या आत गाल निवळला.

पाळणाघरवाल्या बाई आता खूश होत्या. मुलीला दाखवायला आम्ही दोघी गेलो. बाईंनी कौतुकाने तिला उचलून खांद्यावर घेतलं, आणि सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या गाऊनचा कडक खांदा दोन बोटांत चोळला. बाई चमकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी मुलीला परत घेतलं, “उद्या बघू,” म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, “ते आरक्षण रद्द कर. मी चार दिवस राहते.” चार दिवस म्हणजे किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांचं घर, गाय, तिकडची कामं, सगळं तिकडे वाट बघत होतं.

पहिल्या दिवशी ऑफिसात माझं कशातच लक्ष लागलं नाही. घड्याळाकडे बघून मान अवघडली. स्टेशनवरून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. वर पाहिलं तर आमच्या गॅलरीच्या दोरीवर सासूबाईंचं लुगडं वाळत होतं. घरात शिरले ती आधी गॅलरीतच गेले आणि त्या लुगड्याला हात लावला. मऊ होतं. सासूबाईंच्या साऱ्या लुगड्यांनी आता पिंपातलं पाणी प्यायला सुरुवात केली होती. चार दिवसांसाठी कुणी हे करत नाही. माझ्या मनावरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी मला त्यांचा हेवाही वाटला. दिवसभर माझ्या मुलीने त्यांना अंगावर घेतलं होतं.

त्या आत बसल्या होत्या. मुलगी त्यांच्या खांद्यावर, तोंड बाहेर, डावा गाल टेकवून, मला अंगावर घ्यायची तशीच. मी दोन्ही हात पुढे केले.

“आधी कपडे बदल,” त्या म्हणाल्या.

अंगावर ऑफिसची साडी होती, बोअरच्या पाण्यातली, खळ घातल्यासारखी ताठ. मी पुढे केलेले हात मागे घेतले. माझा गाऊन घडी घालून उशाशी ठेवलेला होता, तोही पुन्हा धुतलेला. साडी तशीच पायांशी सोडून मी गाऊन डोक्यातून घातला आणि धावत परत आले, तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघून हसायला लागल्या. घाईत मी गाऊन उलटा घातला होता, सगळ्या शिवणी बाहेर. मी परत आत वळले, तर त्यांनी मुलीला माझ्या खांद्यावर ठेवलं सुद्धा.

“राहू दे उलटाच,” त्या म्हणाल्या. “शिवण टोचायची न्हाई तिला.”