मारलं, हाकललं, की फिरवलं?

आज माझ्या डोक्यावर छप्पर आहे ते टायपिस्ट अंकलमुळे, हे आधी सांगून टाकतो. बाकीचं नंतर.

अंधेरीला कोर्टाच्या भिंतीशी ते स्टुलावर टाइपरायटर मांडून बसत. त्या बाजूने गेला असाल तर तुम्हीही पाहिले असतील. रोज मनोरीहून तरीने खाडी ओलांडून येत. समोर माणूस बसला की नमस्कारही न घेता तीन बोटं वर करत. "मारलं, हाकललं, की फिरवलं?"

एवढ्यावर त्यांचं न्यायखातं चाले. मारलं असेल तर फौजदारी, ते पाठीमागेच. घरातून हाकललं असेल तर दिवाणी, ते दूर शहरात. सरकारी कचेरीने फिरवलं असेल तर साहेबाच्या वरचा साहेब, त्याच्याही वरचा साहेब, आणि सगळे संपले की हायकोर्ट. "तोवर माणूस टिकला पाहिजे," असं ते मशीनला तेल घालत म्हणत.

माझी पंचाईत अशी, की मला तिन्ही बोटं लागू होती. मी सातवीत शाळा सोडून मालवणकडून आलेला, कारखान्यात कामाला. घरमालकाने माझी ट्रंक बाहेर फेकली, खोलीला कुलूप ठोकलं, मी बोललो तर कानाखाली दिली. पत्ता राहिला नाही म्हणून रेशनकार्ड अडकलं. मी हे सगळं एकाच अर्जात लिहिलं. सात पानं. फौजदारीच्या कारकुनाने पहिलं पान पाहून परत दिलं.

अंकलनी सातही पानं वाचली आणि कात्री काढली.

"ओ अंकल, काय करताय? आख्खा रविवार गेलाय लिहिण्यात!"

"दिसतंय. तू एकच आहेस रे, पण कायद्याला तीन लागतात."

थप्पड एका ढिगात, कुलूप दुसऱ्यात, रेशनकार्ड तिसऱ्यात. शेवटी हातात एक तुकडा उरला. 'साहेब, इथे माझं कोणी नाही. गावी आईला यातलं काही माहीत नाही.' अंकलनी तो दोनदा वाचला.

"ह्याचं कोर्ट अजून काढलेलं नाही," म्हणाले, आणि डब्यातली अर्धी भाकरी, सुका बोंबील माझ्यापुढे सरकवला. "खा. आणि कुलपाचं आधी बघ. गाल बरा होतो, खोलीत दुसरा भाडेकरू घुसला तर वाट लागली. आजच शहरात जा."

गेलो. दुसरा भाडेकरू ठेवू नये, असा हुकूम लगेच मिळाला. पुढे दीड वर्ष तारखा. दर तारखेच्या आदल्या दिवशी मी अंकलच्या स्टुलाशी जाऊन बसे. अंकल म्हणत, "न्यायाधीश तुला खाणार नाहीत. त्यांना जेवायला वेगळी सुट्टी असते." मालक थपडेची माफी मागून सुटला. रेशनकार्ड अजून वरच्या साहेबाकडे आहे. खोली मात्र मिळाली.

पेढे घेऊन गेलो तर भिंतीशी कोणी नव्हतं. शेजारचा स्टॅम्पवाला म्हणाला, "फुटपाथ साफ केला ना, यार. स्टूल, मशीन, सगळं म्युनिसिपालटीच्या गाडीत."

"मग अंकलनी अर्ज नाही केला?"

"मी पण तेच बोललो. तर बोलले, बसायचा हक्कच नव्हता, कुठल्या कोर्टात जाऊ?"

मनोरीला दोनदा जाऊन आलो. टायपिस्ट अंकल म्हटलं तर कोणाला कळेना. त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं. स्वतःबद्दल मात्र सात पानं लिहिली होती.

माझ्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. तिच्याखाली टेबल मावेल एवढी जागा मी मोकळी ठेवली आहे. अंकल, कधीतरी मी मशीन मिळवीन आणि तुम्हालाही शोधून आणीन. इथे बसा. भाडेपावती माझ्या नावावर आहे, इथे ती गाडी येत नाही.