एरियलच्या तारेवरचे बोंबील

पुतण्याने जुना व्हॉल्व्हचा रेडिओ सेट दुरुस्तीला काढलाय. सोल्डरिंगच्या राळेचा वास आला आणि मला आमचं भाईंदरचं रिकामं टेबल दिसलं.

लढाईचे दिवस होते, खिडक्यांना काळे कागद होते. आमच्या ह्यांनी लांबलांबच्या लोकांशी बोलता येईल असा सेट घरीच बांधला होता. लढाई लागल्यापासून त्याला हातही लावला नव्हता. तरी गल्लीत कुणीतरी ह्यांना ‘हेर’ म्हणालं, आणि हे कामावर असताना मोठ्या भाऊजींनी सेट उचलला.

“भाऊजी, सरकारी परवाना आहे ना,” मी म्हटलं.

“तो वाचायला कोण थांबतंय? आधी घेऊन जातील.”

त्यांनी सेट खाडीत टाकला. पोलीस कधी आलेच नाहीत.

हे संध्याकाळी आले, टेबलाकडे बघितलं आणि जेवायला बसले. सकाळी जाऊबाईंनी परसातल्या एरियलच्या तारेवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घातले. म्हणाल्या, “चांगली ताणलेली आहे, वाया कशाला घालवायची?” ह्यांनी पुन्हा काही बांधलं नाही.

“काकी,” पुतण्या म्हणतोय, “काकांचा सेट तुम्ही जपायला हवा होता.”

वर त्याच्या वडिलांच्या, मोठ्या भाऊजींच्या, फोटोला ताजा हार आहे.

“हो रे,” मी म्हटलं, “चुकलंच आमचं.”