दुसऱ्याची गिटार

सकाळी सव्वादहाला अनुप गावंडे कामाला लागलेले होते. अमरावतीत त्यांचे मोबाइल कव्हरचे दुकान आहे. गिऱ्हाईक कव्हर मागते. गावंडे आधी त्याला १९८९ चे कॉलेज गॅदरिंग सांगतात. स्टेजवर गिटार आपटून फोडणारे वऱ्हाडातले पहिले आपणच, असा त्यांचा दावा आहे. दुसरा कोणी दावेदार पुढे आलेला नाही.

लंडनमध्ये १९६४ साली एका बँडवाल्याची गिटार ठेंगण्या छताला लागून मोडली. लोक हसले, तेव्हा त्याने चिडून ती पुरती फोडली. तीन वर्षांनी कॅलिफोर्नियात एकाने स्टेजवरच गिटार पेटवली. हा इतिहास गावंडे तारीखवार सांगतात. आपण फोडलेली गिटार अकोल्याच्या श्रावण तायडेंकडून मागून आणली होती, हे सांगायचे तेवढे राहून जाते. तायडे भीमगीते गायचे. त्यांचे घर त्या गिटारीवर चालायचे.

त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी उद्या रॉक संगीताच्या इतिहासाचे प्रदर्शन ठेवले आहे. ‘गावंडे यांनी फोडलेली गिटार’ अशी पाटी छापून आली. गिटार नव्हती. म्हणून दुपारी गावंडे अकोल्याच्या जुन्या शहरात तायडेंच्या घरी पोचले. श्रावण तायडे आता हयात नाहीत. त्यांची मुलगी दीपमाला, तीही गाते, ओट्यावर बसून त्याच गिटारीला नव्या तारा चढवत होती.

“हे तर चांगली हाये!” गावंडेंच्या सुरात तक्रार होती.

“मंग? बाबानं तिची मोडलेली मान जोडून घेतली. तवापासून वाजून राहिली.”

“बेटा, ऐतिहासिक वस्तू हाये ते. असं रिपेर करत असतेत का?”

“बाबाले कुठं मालूम होतं, काका? त्याले दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. तो बुडला.”

गावंडेंनी घसा साफ केला. “एका दिवसापुरती दे. लोकायसमोर पुन्हा एकदा आपटतो. जास्त नाई, फक्त मान. नंतर जोडून देतो.”

दीपमालाने तार पिळायचे थांबवले. “फोडाची एवढी हौस हाये, तर तुमची फोडा ना.”

“माह्याकडे कुठं हाये?”

“इतके वर्षं रॉकस्टार, अन् घरी गिटार नाई?”

“मले वाजवता कुठं येते?”

“त्या दिवशी येत होती?”

“त्या दिवशी नुसती फोडाची होती.”

शेजारच्या ओट्यावरची म्हातारी फस्‌कन हसली. गावंडेंनी मग कलेबद्दल, वऱ्हाडाच्या नावाबद्दल बरेच सांगितले. दीपमालाने ऐकता ऐकता सहाही तारा सुरात लावल्या आणि गिटार खोळीत घालून चेन ओढली.

“चहा घेता का, काका?”

गावंडेंनी चहा घेतला आणि रिकाम्या हाताने अमरावतीची गाडी धरली.

उद्या संध्याकाळी अकोटात दीपमालाचा भीमगीतांचा कार्यक्रम आहे. दुपारी साडेचारच्या एसटीने ती निघेल, गिटार घेऊन.