एका होडीत दोन किल्ल्या

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नाही, आणि गावासाठी त्यांच्याइतकं केलेला माणूसही दुसरा झाला नाही. या दोन गोष्टी मुळात एकच आहेत, हे कळायला मला त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढावी लागली. जर्मनीची पहिली लढाई संपल्यावर चार-पाच वर्षांनी त्यांनी गावात सहकारी बँक काढली. ते चेअरमन, मी कॅशियर. खुर्चीवर बसण्याआधी ते खुर्ची हलवून बघत. कुलूप लावलं की तीनदा ओढत, वाटेतून परत येऊन चौथ्यांदा ओढत, आणि घरी पोचल्यावर मला निरोप धाडत, "जावईबापू, एकदा तुम्ही ओढून या." कुणाचं तरी पोर विहिरीत पडेल या धास्तीने त्यांची झोप उडाली आणि गावातल्या विहिरींना कठडे आले. बंदरावर कोणी घसरेल म्हणून तिथे कंदील लागला. साप चावेल म्हणून दवाखान्यात औषधांची पेटी आली. शाळेच्या नव्या छपराखाली स्वतः एक दिवस बसून काढला, मगच मुलांना आत सोडलं. लोक त्यांना दानशूर म्हणायचे. मामा हात झाडायचे, "कसलं दान घेऊन बसलात? छातीत धडधडतं हो माझ्या!"

कर्ज देतानाही तेच. पालीच्या एका व्यापाऱ्याला मोटार सर्व्हिस काढायची होती. तेव्हा मोटार बघायला लोक शेतातली कामं टाकून रस्त्यावर येत. मामांनी त्याला एकच विचारलं, "ब्रेक लागला नाही तर?" मग गाडी उतारावर नेऊन तीनदा थांबवायला लावली, आणि तिन्ही वेळा स्वतः खाली चिऱ्याचा तुकडा हातात घेऊन उभे, चाकाखाली घालायला. ड्रायव्हर बिचारा ब्रेकला घाबरत नव्हता, मामा चाकाखाली येतील याला घाबरत होता. कर्ज मंजूर झालं. अट एवढीच, की प्रत्येक गाडीत एक चिरा कायम असला पाहिजे.

पण खरा कहर होता तो किल्ल्यांचा. तिजोरीला दोन कुलपं होती. एक किल्ली मामांच्या जानव्याला, दुसरी माझ्या करगोट्याला. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. यावरून मामांनी असा नियम काढला, की आम्ही दोघांनी एका गाडीत बसायचं नाही, एका होडीत तर नाहीच नाही, आणि एका पंगतीत जेवायचं नाही. दोघांना एकदमच काही झालं तर लोकांच्या ठेवींचं काय?

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. बघतो तर पाट एकच, ताट एकच. मामा समोर भिंतीला टेकून बसले. मी पहिला घास घेतला.

"कसं वाटतंय?"

"बासुंदी झकास झालीय, मामा."

"चव नाही विचारत. पोटात कसं वाटतंय?"

मग अर्धा तास ते माझ्याकडे टक लावून बसले, आणि मी शाबूत आहे अशी खात्री पटल्यावर मामींना म्हणाले, "हं, आता माझं वाढा." दर सणाला हेच. जावयाचा असा पाहुणचार दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.

पुढच्या श्रावणात बायको बाळंतपणाला माहेरी, गोळपला गेली होती. तिची आई म्हणजे मामांची थोरली बहीण. एके दिवशी सकाळच्या तरीने खाडी ओलांडून तिकडचा गडी धावत बँकेत आला. दोन दिवस झाले, कळा येताहेत, पण सुटका नाही. सुईणीने हात टेकले होते. डॉक्टर घेऊन ताबडतोब या, असा निरोप होता. मामांनी पटापट तिजोरी बंद केली, कुलूप एकदाही ओढून बघितलं नाही, आणि आम्ही डॉक्टरांना घेऊन भाट्याच्या खाडीवर आलो.

तोवर पाणी चढलं होतं. लालभडक लोंढा, त्यात झाडांच्या फांद्या गरगरत चाललेल्या. तरीवाला इरल्याखाली उकिडवा बसला होता.

"पानी बघताव ना, भाऊ? मी न्हाय व्हडी काढनार."

डॉक्टरांनी समजावलं, मी दुप्पट पैसे देऊ केले, शेवटी त्याचे पाय धरले. त्याने पाय सोडवून घेतले. मामा काठापासून दहा हात लांब, दोन्ही हातांनी छत्री धरून उभे होते. त्यांच्याकडे बघून तो हसला. "चेरमनसाहेब बसत असतील तं काढतो."

ही त्याची 'नाही' म्हणायची रीत होती. मामांनी वैशाखातसुद्धा कधी होडीत पाय ठेवला नव्हता. बहिणीकडे जायचं तर ते बैलगाडीने लांबच्या लांब वळसा घालून जात. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. माझी आशाच संपली.

मामांनी पाण्याकडे बघितलं. छत्री मिटली. पुढे आले, होडी खुर्चीसारखी हलवून बघितली, दोर तीनदा ओढला, आणि आत जाऊन बसले.

"काढ," म्हणाले.

चार माणसांदेखत बोलून बसला होता. तरीवाल्याने गपचूप वल्हं उचललं.

मध्यावर होडी फिरली. पाणी आत आलं. डॉक्टर करवंटीने उपसत होते. मामा डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, मधेच विसरून परत पहिल्या श्लोकावर येत होते, आणि माझं मनगट त्यांनी असं धरलं होतं की बोटं बधिर झाली. तेवढ्यात मला कमरेशी किल्ली टोचली.

"मामा, तुमची किल्ली कुठाय?"

त्यांनी डोळे न उघडताच जानवं चाचपलं. "आहे."

"माझीपण इथेच आहे!"

वाटलं, आता हे होडी मागे फिरवायला लावतात.

"ठाऊक आहे मला!" मामा ओरडले. "लोहार आणून तिजोरी फोडता येते, जावईबापू. पोरगी कुठून आणायची?"

"म्हणजे इतके दिवस उगाच..."

"गप्प बसा आणि ते शिंचं पाणी उपसा!"

पलीकडे उतरल्यावर मामांना भडाभडा उलटी झाली. मग दोन कोस चिखल तुडवत गोळप गाठलं. डॉक्टर आत गेले, आम्ही दोघं पडवीत. आतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. ती शांतता माझ्याने सोसवेना. शेजारच्या काकूंनी आम्ही कुडकुडतोय म्हणून दोन वाडग्यांत गरम पेज आणून ठेवली, शेजारीशेजारी. मामांनी एक उचलला, मी दुसरा. एकाच वेळी तोंडाला लावला. माझ्या ते ध्यानात आलं, त्यांच्या नाही. त्यांचे डोळे आतल्या दारावर होते, निम्मी पेज धोतरावर सांडली.

आणि पोर रडलं. डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "दोघीही सुखरूप आहेत." मामा पडवीच्या खांबाला मिठी मारून हमसाहमशी रडले. मीही रडलो, लाज कसली? मग डोळे पुसून ते उठले, पाळणा टांगायच्या कड्या शोधून काढल्या, आणि एकेक कडी तीनदा ओढून बघितली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मला त्यांनी पहिल्या तरीने पाठवलं आणि स्वतः बैलगाडीने वळसा घालून आले. नियम पुन्हा सुरू, तो अगदी शेवटपर्यंत.

मामा गेले, त्यांची किल्ली नव्या चेअरमनांकडे गेली. माणूस हुशार, धीट, मला हौसेने आपल्या मोटारीतून नेतात. परवा बँकेच्या पंगतीत त्यांनी मला शेजारच्याच पाटावर बसवलं. बासुंदी होती. मी पहिला घास घेतला आणि सवयीने समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. बासुंदी कशी झालीय, असं चौघांनी विचारलं. पोटात कसं वाटतंय, ते कोणीच विचारलं नाही.