आजारी सवाष्णीची ओटी

वासालाही ऋतू असतात, हे मला सासूबाईंच्या आजारपणाने शिकवले. हिवाळ्यात त्यांच्या खोलीतला वास भिंतीला पाठ लावून निमूट बसे. चैत्र लागला की तो उठून घरभर हिंडे, माठातल्या पाण्यात उतरे, माझ्या केसांत माळल्यासारखा राहून जाई. मूत्र, फिनेल, जखमेवरचे मलम, आणि या सर्वांच्या तळाशी काहीतरी गोडसर, नासल्या फळासारखे.

अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून त्यांना पुसणे, कुशीवर वळवणे, भरवणे ही कामे माझी झाली. त्यांच्याखाली आम्ही जुन्या चादरींचे तुकडे घालत असू. जाड विणीचे ते कापड सगळे शोषून घेई आणि धुतले तरी काही सोडत नसे. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ओले तुकडे बादलीत साठत. बादलीचे झाकण उघडताना मी श्वास रोखी, मान वळवी आणि जिभेच्या मुळाशी आलेले आंबट पाणी गिळून टाकी.

हे मी कोणाला सांगितले नाही. सेवा करणाऱ्या बाईला किळस येत नाही अशी एक समजूत आहे, आणि ती बहुधा बादलीचे झाकण कधीच न उघडलेल्यांची असते. त्यांच्यासाठी मी एक चेहरा तयार केला होता, घासलेल्या ताटासारखा लख्ख आणि रिकामा. सासूबाईंना पुसतानाही मी तोच लावत असे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सासूबाई दरवर्षी सगळी गल्ली बोलावत. या वर्षी मी बोलावणे केले नाही, तर बायका आपणहून आल्या.

"तुझे सासरे आहेत, म्हणजे त्या सवाष्ण आहेत की! ओटी भरल्याशिवाय कसं चालेल?" असे म्हणत शेजारच्या काकू थेट आतल्या खोलीत शिरल्या. मागोमाग आणखी काही जणी. उंबरठ्यावरच एकीचा पदर नाकाला गेला.

"अगंबाई, काय हा वास!"

"हळू बोला की. ऐकू येतंय त्यांना," दुसरी कुजबुजली.

"छे, त्यांना कुठलं कळतंय आता!"

काकूंनी कपाळावर हळदीकुंकू लावले. घामाने ते ओघळून भुवईत शिरले. पदर पसरायला दोन हात लागतात, सासूबाईंचा एकच उचलत होता. म्हणून खण, तांदूळ आणि नारळ त्यांच्या पोटावरच ठेवले गेले. नारळाचा भार पोटावर पडला आणि अंथरूण ओले झाले. ऊन ऊन वास वर आला. बायका भिंतीकडे सरकल्या.

"पण भाग्य बघा," काकू पदराआडून म्हणाल्या, "अहेवपणी जाणार. सोनं होणार सोनं."

"आणि तू तर धन्य आहेस बाई. आमच्याच्यानं ही घाण निस्तरली नसती." एकीने फोन वर धरला. "जरा त्यांच्याजवळ सरक. स्टेटसला ठेवते. अशा सुना अजून आहेत, कळू दे लोकांना."

मग त्या बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसल्या आणि मी केलेले पन्हे गटागटा प्यायल्या. उकडलेली कैरी, गूळ, वेलदोडा. त्या गोड दरवळाची मला जी शिसारी आली, तशी बादलीची कधीच आली नव्हती.

त्या संध्याकाळपासून सासूबाईंनी तोंड मिटले. पेज नको, ताकात कुस्करलेली भाकरी नको. ओठांशी चमचा नेला की दात घट्ट आवळत. सासरे काकुळतीला आले, "अगं, घासभर तरी खा की." सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर फोनवर म्हणाले, असेच चालले तर नाकातून नळी घालावी लागेल. स्वतःच्या मरणाचे कौतुक ऐकून त्या दुखावल्या असाव्यात, असे मला वाटले.

दुसऱ्या दुपारी मी त्यांना कुशीवर घेऊन पोटावरून सांडून पाठीखाली राहिलेले ओटीचे तांदूळ वेचत होते. ओलीने फुगलेले दाणे जखमेच्या कडेला चिकटून बसले होते. चेहरा मी लावलेलाच होता. त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले. आजारापासून त्यांचे शब्द जड, घरंगळत येत. बोली मात्र माहेरची, वेळापूरकडचीच राहिली होती.

"खाल्लं न्हाय तर हागायचं न्हाय. तुला तेवढंच कमी."

माझे हात थांबले. "असं काय बोलता, आई? मला काही वाटत नाही त्याचं."

"खोटं नगं बोलू. घोट गिळतीस ती दिसतंय मला. किळस येती न्हवं?"

"येते," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण फार दिवसांनी ऐकल्यासारखा. "फार येते. बादली उघडली की ओकारी येते. तुमच्या पाठीकडे बघवत नाही मला. पण तुम्ही उपाशी पडून राहिलात तर ते मला त्याहून सोसणार नाही."

त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. त्या हसत होत्या, हे समजायला मला वेळ लागला.

"माजी सासू ह्याच खोलीत पडून हुती. मी नाकात कापूर कोंबायची. पुसताना मनात शिव्या द्यायची तिला. लई वंगाळ."

"आणि त्या?"

"ती बी द्यायची की. मोठ्यानं."

मी हसले, आणि हसता हसता रडू आले. धन्य म्हणणाऱ्या प्रत्येक तोंडाने मला आणखी एकटे करून सोडले होते. नाक मुरडून, शिव्या घालून, तरीही पुसत राहिलेली एक बाई माझ्यापुढेच पडून होती, आणि तिने मला कधीच धन्य म्हटले नव्हते.

मी पेज आणली. त्यांनी चव घेतली. "नुसतं पाणी हाय," असे कुरकुरत दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडले. वाटी रिकामी झाली.

घटकाभराने जे व्हायचे ते झालेच. मी त्यांना कुशीवर वळवले. वास नाकातून थेट मस्तकात गेला. ओकारी आली, ती मी गिळली नाही.

"शी!" मी म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आता पूस."